कप्पदुकिया, पंत आणि मागच्या बाकावरची आई

बाई, ख्रिस्तात सलाम.

मी कुपवाडच्या एमआयडीसीत फिटर आहे. वय ३१. मूळ गाव कवठे महांकाळ तालुक्यात, शिक्षण दहावी आणि आयटीआय. नव्या वर्षी पाळकसाहेबांनी शास्त्रवाचन करणाऱ्यांची यादी केली, तिच्यात मला न विचारताच माझं नाव घातलं. दोनदा स्तोत्र वाचलं, निभावलं. पेंटेकॉस्टच्या रविवारी मात्र प्रेषितांची कृत्ये, अध्याय दुसरा माझ्या वाट्याला आला आणि नवव्या ओवीला, म्हणजे वचनाला, गाडी रुतली. ‘कप्पदुकिया’ तीनदा म्हटलं, तिन्ही वेळा निराळं. तरुण संघाची पोरं खाली मान घालून हसत होती. उपासना सुटल्यावर पटांगणात पंचांपैकी एक काका सगळ्यांदेखत म्हणाले, “देवाचं वचन आहे ते. ‘आनि’ नाही, ‘आणि’. आधी मराठी शिका, मग पुलपिटावर चढा.” घरी येईपर्यंत कान गरम होते. बायको म्हणते, जमणार नाही म्हणून सांगून टाका. आई म्हणाली, मला सगळं समजलं. पण आईचं काय, ती शाळेची पायरी चढली नाही, मागच्या बाकावर बसते, लेकाचं तिला गोडच लागणार.

आणखी एक. थोरल्या भावाशी वाटणीवरून दीड वर्ष बोलणं बंद आहे. तोही त्याच चर्चमध्ये येतो, पलीकडच्या बाजूला बसतो. असल्या माणसानं वर उभं राहून वचन वाचावं का? पुढच्या महिन्यात पुन्हा पाळी आहे. नाव मागं घेऊ का?

— एक वाचक, कुपवाड

नाव मागे घेऊ नका.

पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, कारण उत्तर शेवटी असेल म्हणून घाईघाईनं खाली जाणारा वाचक मधलं काहीच वाचत नाही, हा माझा जुना अनुभव आहे. मी ३६ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मधली बरीच वर्षं आकाशवाणी सांगलीला नैमित्तिक निवेदिका म्हणून जात होते. आणि लग्न होऊन मिरजेहून सांगलीला आले तेव्हापासून चर्चमध्ये शास्त्रवाचन करतेय. तरी अजून पुलपिटाची पायरी चढताना गुडघ्यात काहीतरी होतं. (आता ते वयानंही होत असेल.)

आधी कप्पदुकिया. खरं सांगा, पाठ कधी उघडलात? शनिवारी रात्री, सेकंड शिफ्ट करून आल्यावर? तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण स्तोत्रं निभावली आणि हा पाठ अडला, यावरून मला तसं वाटतं. स्तोत्र लहानपणापासून कानावर असतं, ते तयारी न करताही वाचता येतं. कृत्यांचा दुसरा अध्याय तसा वाचता येत नाही.

तुम्ही फिटर माणूस. नवं कपलिंग बसवल्यावर थेट बटण दाबत नाही. आधी शाफ्ट हातानं एक फेरा फिरवून बघता, कुठं अडतंय का. वाचनाचाही तो फेरा असतो, आणि तो तोंडानं, मोठ्यानं फिरवावा लागतो. मनात वाचताना डोळा अवघड नावावरून उडी मारतो आणि आपल्याला वाटतं, झालं वाचून. जिभेला तशी उडी मारता येत नाही. म्हणून पाठ सोमवारीच मागून घ्या, आणि रोज एकदा, एकदाच, उभं राहून मोठ्यानं वाचा. शनिवारी रात्री दहा वेळा वाचण्यापेक्षा आठवडाभर रोज एकदा वाचलेलं जिभेवर बसतं.

नवव्या ते अकराव्या ओवीतली ती यादी कठीण आहे हे मान्य. पण तिला भूगोल आहे, आणि तो एकदा कळला की नावं आपोआप गटानं उभी राहतात. पार्थी, मेदी, एलामी: हे आजच्या इराणच्या बाजूचे. त्यांच्या अलीकडे मेसोपटेम्या, म्हणजे आजच्या इराकचा मुलूख. मग यहूदीया, म्हणजे घरच. मग कप्पदुकिया, पंत, आशिया, फ्रुगिया, पंफुल्या, हे पाचही आजच्या तुर्कस्तानात. मग समुद्रापलीकडे मिसर आणि लिबुवा, मग रोम, आणि सरतेशेवटी क्रेतीय व अरब. यातला आशिया म्हणजे शाळेतला आशिया खंड नव्हे, तो रोमी साम्राज्याचा एक प्रांत. आणि पंत म्हणजे काळ्या समुद्राच्या काठचा प्रदेश, औंधचे पंतप्रतिनिधी नव्हेत. हसू नका, संडे स्कूलमधल्या एका मुलानं मला ते अगदी गंभीरपणे विचारलं होतं, “बाई, औंधहून कोण गेलं होतं?” पुस्तकात प्रत्येक गटानंतर पेन्सिलीनं बारीक उभी रेघ मारा. तिथं श्वास घ्यायचा. पंधरा नावांचा डोंगर होता तिथं सहा-सात टेकड्या होतील.

आणि नाव म्हणताना एसटीच्या कंडक्टरची आठवण ठेवा. भोसे, शिरढोण, कवठे महांकाळ, नागज. एकाही नावाला तो घाबरत नाही, कारण त्या प्रत्येक नावाशी कुणीतरी पिशवी सावरत उठणार असतं. त्या यादीतही तसंच आहे. प्रत्येक नावाबरोबर यरुशलेमेत आलेली खरी माणसं उभी आहेत. जो माणूस ‘कवठे महांकाळ’ झोपेत म्हणू शकतो त्याला ‘मेसोपटेम्या’ जड जायचं कारण नाही. तरीही चुकलंच, तर चुकलेलं एकदाच आणि ठामपणे म्हणून पुढं चला. एकदा चुकलेलं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, तीनदा सुधारलेलं राहतं. कप्पदुकियातून कुणी तक्रार करायला येणार नाही.

आता ‘आनि’. इथं मला जरा थांबायचंय.

तुम्ही अडखळलात त्या ओवीच्या दोनच ओव्या वर, येशूचे शिष्य परक्या भाषांत बोलायला लागल्यावर लोक काय म्हणतात ते पुन्हा उघडून बघा. हे बोलणारे सगळे गालीली ना? यरुशलेमच्या माणसाला गालीलची बोली लगेच ओळखू यायची. सात आठवड्यांपूर्वीच, येशूला आपण ओळखत नाही म्हणणाऱ्या पेत्र या शिष्याला त्या बोलीनं प्रमुख याजकाच्या वाड्यात उघडं पाडलं होतं. मत्तय २६ मध्ये अंगणातली माणसं त्याला म्हणतात की तुझ्या बोलण्यावरूनच कळतंय तू त्यांच्यातला आहेस. आणि कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात तोच पेत्र, तीच बोली घेऊन, अकरा जणांबरोबर उभा राहतो आणि उपदेश करतो. मधल्या सात आठवड्यांत त्याला कुणी यरुशलेमची शुद्ध भाषा शिकायला धाडल्याचं लिहिलेलं नाही. सगळा अध्यायच यावर आहे की ज्याला त्याला ते आपापल्या बोलीत ऐकू आलं. नेमका हा पाठ वाचणाऱ्याला ‘आधी मराठी शिका’ असं सांगितलं गेलं, यावर काकांनीही कधीतरी हसावं अशी माझी इच्छा आहे.

उच्चारावरून माणसाचं गाव, जात आणि शाळा ओळखायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे, आणि चर्चच्या फाटकाशी ती काही गळून पडत नाही. शास्त्रात तर तिची फार भयंकर गोष्ट आहे. शास्ते, अध्याय १२. लढाई जिंकलेले गिलादी लोक यार्देन नदीच्या उतारावर पळून जाणाऱ्या एफ्राइमी माणसाला अडवायचे आणि ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावायचे. ‘सिब्बोलेथ’ म्हणाला की मारायचे. एफ्राइमाचे ४२ हजार गेले. श आणि स यांच्यातल्या फरकावर. पटांगणात न आणि ण यांच्यावरून माणूस मरत नाही, पण पुन्हा पुस्तक हातात घेत नाही.

हे मी दुसऱ्यांना सांगतेय असं समजू नका. वर्गात मी स्वतः हेच केलंय. पोरगं धडा वाचायला उभं राहिलं की दर ‘आनि’ला मी पट्टीनं टेबलावर टक् करायची. उच्चार सुधारले का? काहींचे सुधारले. पण निवृत्त झाल्यावर एक जुना विद्यार्थी भाजी मंडईत भेटला, आता स्वतःचा टेम्पो आहे त्याचा. बोलता बोलता सहज म्हणाला, “बाई, तुमच्या वर्गापासून मी मोठ्यानं वाचलंच नाही कधी.” रागावून नाही, गंमत सांगावी तसं म्हणाला. मी त्या दिवशी मेथी न घेताच घरी आले.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण देते, कारण भाषेच्या बाबतीत त्यांना कुणी कमी म्हणू शकत नाही. संस्कृतातल्या विद्वत्तेसाठी कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटलं होतं. त्या बाईंनी आयुष्याची शेवटची बरीच वर्षं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबल मराठीत आणण्यात घातली. का, तर चालू भाषांतराची भाषा संस्कृताच्या वजनानं वाकलेली होती आणि खेड्यापाड्यांतून आश्रयाला आलेल्या बायकांना ती कळत नव्हती. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ साली त्यांचं भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. आणि साताऱ्यात १९१७ साली ‘देवाचा दरबार’ मांडणारे रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांनी अभंग आणि ओव्यांचा रस्ता धरला तोही इथल्या लोकांच्या कानासाठी. ज्यांना जड मराठी सहज येत होती त्यांनी ती खाली आणली. तुम्ही तर मुळातच खाली, माणसांत, उभे आहात.

मग ण सोडूनच द्यायचा का? नाही. काका सांगण्याच्या रीतीत चुकले, मुद्द्यात सगळे चुकले असं मी म्हणणार नाही. लाउडस्पीकरमधून आवाज फाटतो, मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि त्या गोंधळात ‘मन’ आणि ‘मण’ वेगळं ऐकू आलेलं बरं. तेव्हा ण शिका, लाजेपोटी नव्हे, हत्यार म्हणून. न म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागं टेकते. ण म्हणताना तिचं टोक उलटं वळून वर टाळूला लागतं. सरावासाठी तेविसावं स्तोत्र धरा, ते तुम्हाला पाठ असणारच. काही उणे पडणार नाही, हिरव्या कुरणांत, संथ पाण्यावर. दोन ओव्यांत चार वेळा जीभ उलटी वळते. सकाळी मोटारसायकलवरून कंपनीत जाताना म्हणा. हेल्मेटच्या आतलं कुणाला ऐकू जात नाही. महिनाभरात जेवढा जमेल तेवढा जमू दे, उरलेला गावचा म्हणून राहू दे.

उलट तुमच्यापाशी जे आहे ते माझ्यापाशी नाही. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात गव्हात निदण पेरून जाणाऱ्या वैऱ्याचा दाखला आहे. ‘निदण’ हा शब्द मला तरुणपणी कोशात बघावा लागला. तुम्ही भांगलणीला जाऊन आलेला माणूस. निदण काढायला गेलं तर गहूही उपटून येईल, ही ओवी मी अर्थ लावून वाचते, तुम्ही हाताच्या आठवणीनं वाचाल. असा पाठ कधी आला तर तो मागून घ्या.

पुलपिटावरच्या काही गोष्टी भराभर सांगते. घरी ज्या बायबलवर सराव करता तेच भाषांतर पुलपिटावर आहे का हे आधी बघा. फोनवरचं वेगळं आणि पुलपिटावरचं जाड पुस्तक वेगळं निघालं की जीभ सवयीनं एक म्हणते आणि डोळा दुसरंच दाखवतो. पुस्तक जुनं असलं तर त्यात ‘तें’, ‘केलें’, ‘देवानें’ असे अनुस्वार दिसतील. १९६२ च्या लेखननियमांनी ते काढून टाकले, पण काढण्याआधीही ते बोलण्यात उरले नव्हते. नाकातून वाचू नका. फोनवरून वाचायचं झालंच तर तो विमान चिन्हावर टाका. नाहीतर यशया संदेष्टा बोलत असताना मधेच तुमचा सुपरवायझर बोलायला लागेल.

ओव्यांच्या आकड्यांना थांबायचं नाही, अर्थाला थांबायचं. ते आकडे लेखकांनी घातलेले नाहीत. आजचे अध्याय तेराव्या शतकात पडले, आणि नव्या कराराच्या आजच्या ओव्या पॅरिसच्या रॉबेर एस्तिएन या मुद्रकानं १५५१ साली पाडल्या. थांबा चुकला की अर्थ कसा हलतो त्याचं माझं आवडतं उदाहरण यशया ४० मधलं, आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, हमखास येणारं. यशयात घोषणा करणाऱ्याची वाणी ऐकू येते, तिथं थांबायचं, मग ‘अरण्यात परमेश्वराचा मार्ग सिद्ध करा’. म्हणजे रस्ता अरण्यात करायचा आहे. मार्कानं तीच ओवी योहान बाप्तिस्मा करणाऱ्याला लावली, तिथं अरण्यात आहे तो घोषणा करणारा. ‘अरण्यात’ हा एक शब्द थांब्याच्या अलीकडे की पलीकडे, एवढाच फरक. पुष्कळ जण यशया वाचताना सवयीनं मार्क वाचून जातात. कुणी पकडत नाही. पण तुम्हाला माहीत असावं.

आवाजाचं म्हणाल तर आपली सांगली पडली नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच नाटक उभं केलं, आणि तेव्हापासून इथल्या प्रत्येकाला आपण थोडे नट आहोत असं वाटतं. मलाही वाटायचं. आकाशवाणीतून नव्यानं चर्चमध्ये वाचायला लागले तेव्हा मी देवाला खर्जात बोलायला लावायची आणि सैतानाला किनरा आवाज द्यायची. सासूबाई एकदा म्हणाल्या, “श्रुतिका छान झाली आज.” बास, त्या एका वाक्यानं माझी नाटकं बंद झाली. आवाज बदलायचा नाही, फक्त कोण बोलतंय ते कळेल इतका थांबा घ्यायचा. माइक तोंडापासून एक वीत लांब, जरासा बाजूला, म्हणजे प आणि फ फुटत नाहीत. टकटक करून, फुंकून बघू नका. पुस्तकाचं नाव, अध्याय, ओव्या सांगितल्यावर पानांची सळसळ थांबेपर्यंत गप्प उभे राहा. ती दहा सेकंदं फार लांब वाटतात, आणि नवखा माणूस नेमका तिथंच सुटतो. कृत्यांच्या त्या तेरा ओव्यांना दोन मिनिटं तरी लागली पाहिजेत. एका मिनिटात झालं तर तुम्ही वाचलं नाही, पार पाडलं. शेवटी तुमच्या मंडळीत जे म्हणायची रीत असेल ते म्हणा आणि खाली या. स्वतःची दोन वाक्यं जोडू नका, उपदेश करायला पाळकसाहेब आहेत.

भावाचं. यावर मला हात लांब ठेवून बोलायला हवं, कारण घरातलं घरातल्यांना माहीत. पण एक सांगते. माझं आणि माझ्या जावेचं एका सोन्याच्या पाटलीवरून तीन वर्षं बोलणं नव्हतं. त्यात एका रविवारी मला मत्तयाचा पाचवा अध्याय आला. वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. जाऊ तिसऱ्या रांगेत बसली होती. मी ते वाचलं. आवाज कापला, तिलाही कळलं, सगळ्यांनाच कळलं. त्या दिवशी काही घडलं नाही. मी घरी आले, भात लावला. नाताळाला करंज्यांचा डबा घेऊन गेले ते त्यानंतर आठ महिन्यांनी, आणि पाटली अजून तिच्याकडेच आहे.

तेव्हा वाचणं सोडलंत म्हणून भाऊ जवळ येणार नाही, आणि वाचत राहिलात म्हणून वाटणी सुटणार नाही. वाटणीला सातबारा आहे, मोजणी आहे, लागला तर वकील आहे. ते आपल्या गतीनं चालू दे. ‘सलाम, दादा’ म्हणायला मात्र मोजणीच्या तारखेची वाट बघावी लागत नाही. पुढच्या पाळीआधी फाटकापाशी तेवढं म्हणून बघा. त्यानं उत्तर नाही दिलं तरी तुमच्या बाजूचं झालं. आणि पाळकसाहेबांना हे स्वतः जाऊन सांगा. तुमचं नाव त्यांनी घातलंय, मंडळीत कोण कुणाशी बोलत नाही हे त्यांना बहुधा तुमच्याआधी माहीत असेल. ते म्हणाले, थोडं थांबा, तर थांबा. तो निर्णय त्यांचा. ‘मी लायक नाही’ असा निकाल स्वतःच लावून घरी बसू नका. कधीकधी त्यात नम्रतेपेक्षा ‘कप्पदुकिया’ची भीती जास्त असते.

काकांशी वाद नको. पुन्हा पटांगणात काही म्हणाले तर एवढंच म्हणा, “काका, चूक घरी येऊन सांगा, चहा घेत लिहून घेतो.” येतील किंवा नाही येणार.

सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही पत्रात एका ओळीत उडवून लावलीत. आई म्हणाली, मला सगळं समजलं.

माझी एक फजिती सांगते. यशयाचा चाळिसावा अध्यायच होता, अकराव्या ओवीपर्यंत. पुस्तक जुनं, पानं दमट, माझ्या हातून दोन पानं एकदम उलटली. वाक्य तिकडच्या पानावर बऱ्यापैकी जुळलं, मी तशीच पुढं वाचत गेले आणि अंदाजानं थांबले. आशीर्वादाचं वाक्य म्हटलं, खाली येऊन बसले. शंभरेक माणसं होती. पदवीधर, शिक्षक, पंच, हातात उघडी बायबलं घेतलेली. कुणीही काही बोललं नाही. उपासना सुटल्यावर एक आजी काठी टेकत आल्या. दोन्ही डोळ्यांना दिसत नव्हतं, वाचायला तर कधीच येत नव्हतं. माझा हात चाचपून धरला आणि म्हणाल्या, “बाई, आज मेंढपाळ कुठं गेला?” चाळिसाव्या अध्यायाच्या अकराव्या ओवीत मेंढपाळ येतो, कोकरं उराशी धरून. तो मी गिळला होता. त्या त्याची वाट बघत बसल्या होत्या.

ज्यांच्या हातात पुस्तक आहे त्यांना आपण नसलो तरी चालतं, ते स्वतः वाचतात, नाहीतर पान उघडं ठेवून दुपारच्या मटणाचा विचार करतात. ज्यांच्या हातात पुस्तक नाही त्यांच्यासाठी आपण वर जातो. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतो, तिथंही शेवटी महत्त्वाचं काय, तर लोकांना ते समजलं. तुमच्या मंडळीत त्या दिवशी पोरं हसली, काका चिडले, आणि शाळा न पाहिलेल्या एका बाईला पार्थी-मेदींसकट सगळं समजलं. वाचक म्हणून तुमची परीक्षा घ्यायला तुमच्या घरातच इतका चांगला माणूस बसलाय, आणि तुम्ही तिचा निकाल लेकाची माया म्हणून बाजूला ठेवता. मायेनं ‘छान झालं’ म्हणतात. ‘समजलं’ म्हणत नाहीत. तिनं काय समजलं ते विचारलंत का?

पुढचा पाठ मिळाला की बुधवारी, रात्रीच्या जेवणानंतर, टीव्ही बंद करून आईसमोर उभं राहून वाचा. अर्थ सांगू नका, नुसतं वाचा. मग तिला तिच्या शब्दांत परत सांगायला लावा. जिथं ती ‘म्हंजी?’ म्हणेल तिथं पेन्सिलीची खूण करा. तिथं एकतर तुम्ही घाई केलीत, नाहीतर तुम्हालाच अर्थ लागलेला नाही. शुक्रवारी त्या खुणांपुरतं पुन्हा वाचा.

रविवारी ती हौसेनं पुढं येऊन बसेल, लेक वाचणार म्हणून. तिला मागच्याच बाकावर बसवा, भिंतीपाशी, पंख्याच्या आवाजात. पाठाचं नाव सांगून झालं, पानं शांत झाली, की तिच्याकडं बघा. तिनं मान हलवली की सुरू करा.